जुन्या बाजाराची वाट बुजवू नका

प्रति,
संचालक मंडळ,
रोलँड कॉर्पोरेशन,
हामामात्सु, जपान.

महोदय,



पत्र मराठीत आहे आणि त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करत नाही. तुमच्या यंत्रांसोबत येणाऱ्या इंग्रजी माहितीपुस्तिका आमच्या ऑर्केस्ट्रातल्या वादकांनी इतकी वर्षं निम्म्या अंदाजाने वाचल्या आणि उरलेलं बटणं दाबून दाबून समजून घेतलं. आता एकदा तुम्ही दुभाषा शोधलात तर फिटंफाट होईल.

निमित्त तुम्हीच दिलेलं आहे. दरवर्षी ८ ऑगस्टला तुम्ही टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या नावाने ‘८०८ दिवस’ साजरा करता. ज्या मशीनचं उत्पादन तुमच्याच कंपनीने तीन वर्षांत गुंडाळलं, त्याचा सण आता तुमच्याच घरी होतो. मला टोमणा मारायचा नाही. खरं म्हणजे थोडा मारायचा आहे, पण आधी हिशेब नीट मांडू.

१९८० साली ८०८ आलं तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत १,१९५ डॉलर होती. त्याच सुमाराला रॉजर लिन यांचं एलएम-१ बाजारात आलं. ते जवळजवळ पाच हजार डॉलरचं, पण त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज चिपवर साठवलेले होते. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी ते घेतलं. तुमच्या मशीनमध्ये एकही आवाज खरा नव्हता. झांज सहा ऑसिलेटरांच्या बेसूर कल्लोळातून काढलेली, टाळी म्हणजे खरखरीचे बारीक तुकडे, आणि बास ड्रम म्हणजे एका लहानशा सर्किटला विजेची टिचकी मारायची आणि ते घुमत घुमत विझू द्यायचं. स्टुडिओत ड्रमर न बोलावता गाण्याचा कच्चा आराखडा करता यावा, एवढीच अपेक्षा होती. त्या कामालाही अनेकांना हा आवाज फारच खोटा वाटला. १९८३ मध्ये उत्पादन थांबलं तोवर सुमारे १२,००० नग तयार झाले होते.

ते का थांबलं, हे तुमचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीच पुढे सांगितलं. त्या आवाजातली चरचर सदोष ट्रान्झिस्टरमधून येत होती. तपासणीत नापास झालेला माल तुम्ही मुद्दाम विकत घेत होता आणि त्यातले कामाचे ट्रान्झिस्टर वेचून वापरत होता. सेमीकंडक्टर बनवणारे सुधारले, नापास माल मिळेनासा झाला आणि ८०८ संपलं. कच्च्या मालाचा दर्जा वाढला म्हणून बंद पडलेलं दुसरं वाद्य मला तरी माहीत नाही.

पुढे जे घडलं त्यात तुमचा हात नव्हता. माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

बंद झालेलं मशीन जुन्या बाजारात गेलं. नव्या डिजिटल ड्रम मशीनच्या मागे लागलेल्या स्टुडिओंनी आणि बँडवाल्यांनी ते काढून टाकलं, आणि गहाणवटीच्या, वापरलेल्या वाद्यांच्या दुकानांतून शंभर डॉलरच्या आतही ते मिळू लागलं. घेणारे कोण होते? ज्यांना ड्रमसेट परवडत नव्हता, वाजवता येत नव्हता आणि ठेवायला जागाही नव्हती, ते. ओळीने मांडलेली सोळा बटणं, तांबडी, नारिंगी, पिवळी, पांढरी. कुठल्या मात्रेवर कुठला ठोका पडायचा ते बटण दाबून ठरवायचं. हात तयार नसला तरी ताल उभा राहतो. ही सोय तुम्ही करून ठेवली होती. तिचं काय करायचं ते जुन्या बाजारातल्या गिऱ्हाइकाने ठरवलं.

हिप हॉपची सगळी कुळकथाच अशी आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यूच्या इमारतीतल्या सार्वजनिक खोलीत, कूल हर्कने बहिणीने भरवलेल्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांना पैसे हवेत म्हणून तिने तिकीट लावलं होतं. हर्कने हेरलं होतं की गाण्यात मधे गाणारा थांबतो आणि नुसता ताल उरतो, तेव्हा नाचणारे पेटून उठतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायची युक्ती त्याने काढली. टर्नटेबल घरी बसून शांतपणे संगीत ऐकण्यासाठी होतं. तुमच्याच देशातल्या मात्सुशिताने १९७२ मध्ये आणलेलं टेक्निक्स एसएल-१२०० हेही हौशी घरगुती श्रोत्यासाठीच होतं. ब्रॉन्क्सच्या पोरांनी त्याच्या तबकडीवर हात ठेवून ती मागेपुढे घासली आणि त्याचं वाद्य केलं. कंपनीने २०१० मध्ये ते बंद केलं आणि २०१६ मध्ये परत आणलं.

८०८ची गोष्ट याच रस्त्याने गेली. १९८२ मध्ये ‘प्लॅनेट रॉक’ हे गाणं मुद्रित करायचं ठरलं तेव्हा निर्माता आर्थर बेकरकडे ८०८ नव्हतं. वर्तमानपत्रात एका ८०८ वाल्याची छोटी जाहिरात होती, एका सत्राचे वीस डॉलर. त्याला बोलावलं. वीस डॉलरच्या त्या मजुरीतून निघालेला ताल पुढे किती गाण्यांत शिरला याची मोजदाद शक्य नाही. मग रिक रुबिन आणि डेफ जॅमच्या मंडळींनी बास ड्रमचा डिके नावाचा नॉब पार टोकाला नेला. ठोका पडायचा आणि विझायच्या ऐवजी जमिनीतून आल्यासारखा घुमत राहायचा. मायामीत पोरांनी त्याच्यावर गाड्या हादरवल्या. अटलांटाच्या ट्रॅप संगीताने त्या ठोक्याला सुरात लावून त्याचीच बेसलाइन केली. ड्रमचा आवाज हुबेहूब काढता आला नाही म्हणून जे मशीन मागे पडलं, त्याचा तो न जमलेला ड्रमच एका संगीताचा पाया झाला. तुमच्या अभियंत्यांनी तो नॉब एवढा लांब का फिरू दिला, कोण जाणे. पण फिरू दिला, हे उपकार.

आता मुंबईकडे येतो. त्याच १९८२ साली इथेही एक ८०८ वाजलं होतं.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. शंकर-जयकिशनपासून राहुलदेव बर्मनपर्यंत अनेकांच्या वाद्यवृंदांत त्यांनी गिटार आणि सिंथेसायझर वाजवले. सिंगापूरहून आणलेली तुमची तीन यंत्रं त्यांच्याकडे होती: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ बेस मशीन आणि टीआर-८०८. डिस्कोचा जमाना होता. त्यांनी या तिघांना एकत्र जोडलं आणि भैरव, ललित, भूपाळीपासून मालकंस, बैरागीपर्यंत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. बेस गिटारची नक्कल म्हणून ठेवलेली. चरणजितजींनी तिच्यात मींड शोधली. माझ्या कानाला ती मींड सगळीकडे पटत नाही, तोडीत तर अजिबात नाही. पण कलावतीत ती अशी काही उतरते की यंत्र विसरायला होतं.

रेकॉर्ड चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्युचर या गटाने जुन्या बाजारातल्या टीबी-३०३ मधून अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार काढला आणि त्यातून युरोपातली एक पिढी रात्रभर नाचली. विस्मरणात गेलेली मुंबईची रेकॉर्ड एका डच संग्राहकाने २०१० मध्ये पुन्हा काढली तेव्हा पाश्चात्त्य ऐकणारे चक्रावले: हे तर अ‍ॅसिड हाउस, आणि आमच्या आधीचं! उतारवयात चरणजितजींना युरोपात कार्यक्रम मिळाले. २०१५ मध्ये मुंबईत ते गेले. ‘पहिलं कोण’ या वादात मला गोडी नाही. त्यांनी डिस्को वाजवला, शिकागोने वेगळं काही वाजवलं. साम्य यंत्राचं आहे.

मला छळतो तो दुसराच प्रश्न. एकच साल, एकच यंत्र. न्यूयॉर्कमध्ये त्यातून झाड उगवलं आणि मुंबईत एक रेकॉर्ड होऊन विषय संपला. असं का? गुणवत्तेची उणीव नव्हती, तालाची तर नव्हतीच. माझा तर्क असा की मुंबईत जुन्या बाजारात ८०८ नव्हतं. आयातीवरचं जबर शुल्क आणि परकीय चलनाची टंचाई यांमुळे असलं यंत्र परदेशी जाणाऱ्या एखाद्या यशस्वी वादकालाच आणता यायचं आणि आणलं की ते त्याच्या घरी राहायचं. ते चोरबाजारात आलं नाही. धारावीच्या किंवा डोंबिवलीच्या कुणा पोराने ते तीनशे रुपयांना उचललं नाही, चुकीचं वाजवलं नाही, त्याचा नॉब टोकाला नेला नाही. चरणजितजींना वारस मिळाले नाहीत, कारण त्यांच्या यंत्राला दुसरा मालक मिळाला नाही.

हा तर्क पटत नसेल तर तुमचंच दुसरं एक यंत्र पुढे करतो. १९८५ मध्ये तुम्ही पॅड-८ काढलं, आठ रबरी पॅडचं, काठीने वाजवायचं. त्याचं ऑक्टापॅड हे नाव तुम्ही ठेवलंत आणि आमच्याकडे ते घरोघरी गेलं. त्याच्या पुढच्या पिढ्यांनी, विशेषतः एसपीडी-२० ने, महाराष्ट्रात जे केलं ते तुमच्या विक्रीच्या आकड्यांत दिसणार नाही. मोठ्या ऑर्केस्ट्राने नवं ऑक्टापॅड घेतलं की जुनं लग्नाच्या बँडकडे जातं, तिथून बेंजो पार्टीकडे, तिथून एखाद्या भजनी मंडळाकडे किंवा देवीच्या जागरणाला. फाटलेलं रबर बदलायचं, मेलेला सेन्सर लॅमिंग्टन रोडवर नाहीतर गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेऊन जिवंत करायचा. प्रत्येक वादक त्यात आपले आवाज भरतो: एका पॅडवर ढोलकीची थाप, शेजारी संबळ, कोपऱ्यात शिट्टी. कोळीगीताची बेंजो पार्टी ऑक्टापॅडवाचून आता कुणी कल्पनेतही आणत नाही. हा सगळा प्रवास दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मालकाचा आहे.

जाता जाता एक गंमत. त्या पार्टीतला बेंजो, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारवाद्य, हेही मूळचं तुमच्याच मुलखातलं. तुमच्या हामामात्सुजवळच्या नागोयात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तायशोगोतो बनवलं. ते आमच्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं, त्याला पिकअप आणि अँप्लिफायर जोडला आणि बेंजो झाला. गिरगाव, परळ, लालबागच्या मिरवणुकीत ऑक्टापॅड आणि बेंजो शेजारी वाजतात तेव्हा दोन जपानी वाद्यं तिथे उभी असतात. मोरितांना किंवा तुम्हाला कुणी विचारलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती.

आता तक्रारीकडे येतो. तुमच्या ८०८च्या आजच्या अवतारांबद्दल मला म्हणायचं आहे ते किमतीबद्दल नाही. २०२५ मध्ये तुम्ही टीआर-१००० आणलं, चाळीसेक वर्षांनी पुन्हा ८०८ आणि त्याच्यानंतरच्या ९०९ ड्रम मशीनची अ‍ॅनालॉग सर्किटं घालून. सुमारे २,७०० डॉलर म्हणजे आमच्याकडे दोन लाखांच्या वरची वस्तू. ऐकून पोटात गोळा येतो, पण १९८० च्या १,१९५ डॉलरची आजची किंमत चार हजारांच्या वर जाते, तेव्हा मूळ ८०८ही नवं असताना गरिबाचं नव्हतंच. उलट २०२२ मधलं तुमचं टी-८ पाहा. तळहातापेक्षा थोडं मोठं, दोनशे डॉलरच्या आसपास, त्यात ८०८चे आवाज आणि टीबी-३०३चा बेसही. हे चांगलं काम आहे. बेहरिंगरने आरडी-८ नावाची ८०८ची नक्कल स्वस्तात विकली म्हणून तुम्हाला जाग आली, असं कुणी म्हणेल, म्हणू दे.

माझी तक्रार सॉफ्टवेअरबद्दल आहे. तुम्ही ८०८ रोलँड क्लाउडवरही विकता: महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी, नाहीतर एकदाच पैसे भरून ‘लाइफटाइम की’. दुसरी सोय ठेवलीत ते बरं केलंत. पण ती किल्लीही विकत घेणाऱ्याच्या खात्याला बांधलेली असते. वर्गणी भरायची थांबली की वाद्य गप्प होतं. आणि वर्गणीला जुन्या बाजारात किंमत नसते. मालक बदलेल अशी वस्तूच तिथे नाही. सगळ्या संगीत-उद्योगाचा कल हाच आहे. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्ज या कंपनीने एका सकाळी सांगून टाकलं की यापुढे फक्त वर्गणी, आणि जगभरच्या ध्वनिमुद्रकांनी असा गोंधळ घातला की काही दिवसांतच तिला माघार घ्यावी लागली. दुसऱ्या बाजूला बेल्जियमची इमेज-लाइन एफएल स्टुडिओ हे संगीताचं सॉफ्टवेअर एकदाच विकते आणि त्यानंतरच्या सगळ्या आवृत्त्या फुकट देते. घरच्या संगणकावर बीट बनवणाऱ्या पोरांत ते इतकं लोकप्रिय असण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि ती कंपनी बुडालेली नाही.

इथल्या हिप हॉपचा माझा अनुभव ऐकणाऱ्याचा आहे, वाजवणाऱ्याचा नाही. पण जे दिसतं ते सांगतो. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझीने ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर मुद्रित केलं आणि चित्रितही त्यावरच केलं. तिथून २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटापर्यंतचा प्रवास सर्वांना माहीत आहे. त्याहून मला जास्त भावतो तो ‘स्वदेसी’ हा गट. त्यातला मवाली मुंबईच्या मराठीत आणि हिंदीत बोलतो, अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडी ठसक्यात. आणि आरेच्या जंगलासाठी त्यांनी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्या सोबतीने वारली उठावाचं गाणं केलं. इथे रॅपचं पोवाड्याशी नातं जोडायचा मोह प्रत्येक मराठी लेखकाला होतो. मी तो आवरतो. डफ-तुणतुण्याला आपला इतिहास आहे आणि त्याला ८०८ची शिफारस लागत नाही.

या पोरांच्या हातात यंत्र बहुधा नसतंच. फोन असतो, बँडलॅबसारखं फुकटचं अ‍ॅप असतं, मित्राचा संगणक असतो, आणि ८०८ म्हणजे त्यांच्यासाठी इंटरनेटवरून उतरवलेल्या फोल्डरातली एक फाइल. त्यातल्या अनेकांना हेही ठाऊक नसेल की याच नावाची एक वस्तू होती आणि तिला सोळा रंगीत बटणं होती. काही बिघडत नाही. ते तरीही तुमच्या त्या ठोक्याशी झटापट करत असतात. मूळ ठोका पन्नासेक हर्ट्झचा, आणि फोनचा इवलासा स्पीकर एवढं खालचं काही वाजवूच शकत नाही. मग ते त्याला थोडं फाडतात, चिरफाळतात. फाटला की त्याच स्वराच्या वरच्या पट्ट्या उमटतात. फोन त्या वाजवतो आणि खालचा पाया कान आपल्या मनाने भरून काढतो. विरारच्या गर्दीच्या गाडीत कुणाच्या तरी हातातल्या फोनवर जो बेस ‘ऐकू’ येतो, तो खरं तर तिथे नसतोच. नापास ट्रान्झिस्टरची परंपरा अशी चालू आहे. ती फुकटच्या फाइलवर चालू आहे, तुमच्या वर्गणीवर नाही. आणि म्हणून तुमच्या हिशेबात ती कुठेच नसणार.

तुमच्या संस्थापकांची एक बाजू मला यात फार महत्त्वाची वाटते. काकेहाशी १९३० मध्ये ओसाकात जन्मले, आईवडील लहानपणीच क्षयाने गेले. सोळाव्या वर्षी त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान थाटलं, पुढे रेडिओ दुरुस्त करू लागले. स्वतःला क्षय झाला, अनेक वर्षं रुग्णालयात काढली आणि नव्याने आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने वाचले. संगीताचं शिक्षण नव्हतं. हा मूळचा दुरुस्ती करणारा माणूस. दुसऱ्याने बनवलेली वस्तू उघडून पाहण्यात त्याचं आयुष्य सुरू झालं. याच माणसाने डेव्ह स्मिथ यांच्याबरोबर मिडीची, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी जोडायच्या सामायिक भाषेची, कल्पना तडीस नेली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचं प्रॉफेट-६०० आणि तुमचं ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले आणि दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलली. मिडीवर कुणी स्वामित्वशुल्क लावलं नाही. कुणीही वापरावं, अशीच सोय ठेवली. २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं ते यासाठी. तुमच्या कंपनीच्या इतिहासातला सर्वांत दूरवर पोचलेला निर्णय हाच आहे, आणि तो वस्तू सोडून देण्याचा निर्णय आहे, धरून ठेवण्याचा नाही.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. २०१४ मध्ये व्यवस्थापनाने कंपनी विकत घेऊन शेअरबाजारातून काढली, काकेहाशींनी त्याला विरोध केला होता. २०१७ मध्ये ते वारले. डिसेंबर २०२० मध्ये कंपनी पुन्हा टोकियोच्या बाजारात नोंदली गेली. भागधारकांना दर तिमाहीला सारखी येणारी वर्गणी आवडते, हे मला समजतं. जुन्या मशीनच्या तिसऱ्या मालकाकडून तुम्हाला छदामही मिळत नाही, हेही समजतं. पण चाळीस वर्षांनी तुम्ही ज्याचा सण साजरा करता ते नाव त्या तिसऱ्या मालकाने मोठं केलं. त्याच्या नावावर तुम्ही २,७०० डॉलरचं मशीन विकता. म्हणजे त्याचे पैसे तुम्हाला मिळाले आहेत, जरा उशिरा.

म्हणून काही मागण्या आहेत, भावनेच्या नाहीत.

उत्पादन थांबलेल्या प्रत्येक यंत्राचे सर्व्हिस नोट्स, सर्किटच्या नकाशांसह, उघडे करून ठेवा. जुन्या ८०८चे नोट्स अस्पष्ट स्कॅन होऊन जगभरच्या दुरुस्तीवाल्यांत नाहीतरी फिरतातच. ज्यांना नक्कल करायची होती त्यांनी ती केव्हाच केली आहे. अडतो तो नाशिकचा किंवा सांगलीचा कारागीर, ज्याच्यासमोर ऑक्टापॅडचा बोर्ड उघडा पडलेला असतो आणि लग्न परवावर आलेलं असतं. पॅडचं रबर, सेन्सर, आतल्या पट्ट्या हे सुटे भाग मोठ्या सेवाकेंद्राबाहेर, साध्या दुकानातही मिळू द्या. टी-८ सारख्या लहान यंत्रांतली बॅटरी वाजवणाऱ्याला स्वतः बदलता येईल अशी ठेवा. युरोपचा कायदा फेब्रुवारी २०२७ पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंसाठी ती सोय मागतोच आहे. एकदा साचा बदललात की भारतात येणाऱ्या नगांनाही तोच लावा, वेगळा करू नका. बॅटरी मेली म्हणून कचऱ्यात गेलेल्या यंत्राला दुसरा मालक मिळत नाही.

आणि सॉफ्टवेअरची किल्ली दुसऱ्याच्या नावावर करता येऊ द्या. ज्याला ८०८ नको झालं त्याने ते अर्ध्या किमतीत दुसऱ्याला द्यावं, तुमच्याकडे दोन खात्यांची नोंद बदलावी, एवढंच. हवं तर हस्तांतराचं थोडं शुल्क घ्या. तुमचे विक्रीवाले म्हणतील की त्याने चोरी वाढेल. महोदय, चोरी आत्ताच भरपूर आहे. इथल्या बीट बनवणाऱ्यांना विचारा, सुरुवात कशावर केली. खरं बोलले तर अनेक जण सांगतील, क्रॅकवर. अधिकृत जुना बाजार नसला की अनधिकृत बाजार तयारच असतो. अंधेरीतल्या कुणाची नको झालेली किल्ली जळगावच्या कुणाला हजार-दीड हजारात रीतसर मिळाली, तर ते पैसे तुमच्या खिशात येणार नाहीत हे खरं. पण त्याच्याकडे पावती असेल, तुमच्याकडे त्याचं नाव असेल, आणि पुढे हातात चार पैसे आले की तो टी-८ कुठे मिळतं ते विचारेल.

कळावे.

आपला,
मुंबईतला एक श्रोता